धूर, बाष्प आणि धमनी : पायाची नाडी पाहण्याविषयी

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर होय. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर नोंदली गेली. या वस्तीतील फार मोठ्या वर्गाचा संसार प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मागावर चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार बारा-बारा तासांची पाळी उभ्याने करतो. रातपाळीत झोप आवरण्यासाठी, भूक मारण्यासाठी, क्वचित केवळ दोन मिनिटांच्या विसाव्यासाठी तो कारखान्याच्या दाराबाहेर येऊन विडी पेटवतो. महामार्गालगत काल्हेर, पूर्णा, माणकोली या बाजूस गोदामे उभी राहिली. तेथे काम करणाऱ्या तरुण पिढीच्या खिशात आता विडीऐवजी सिगारेट, आणि कायद्याने बंदी असूनही कधी कधी व्हेप नावाचे विजेवर चालणारे उपकरण आढळते.

हा रुग्ण पाय दुखतो म्हणून आपल्याकडे येतो. तो दिवसभर उभा असतो, म्हणून आपण वातवृद्धी गृहीत धरतो. वेदना कटीपासून खाली उतरते असे त्याने म्हटले की गृध्रसीचे निदान होते. पायाची आग होत असेल तर वातरक्ताचे. ही निदाने पुष्कळदा बरोबरही असतात. परंतु ज्या रुग्णाच्या पायातील धमनीच बंद होत आलेली आहे, त्यालाही याच निदानाखाली तेल, शेक आणि गुग्गुळ मिळत राहतात व मधले महिने वाया जातात. त्याची किंमत कधी एका बोटाने, तर कधी संपूर्ण पायाने चुकवावी लागते. म्हणून धूम्रपान व व्हेपिंग यांचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो आणि आपल्या चिकित्सालयात तो वेळीच कसा ओळखावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

अंतःस्तराचे कार्य

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सिरांचे वर्णन करताना बागेला व शेताला पाणी पुरवणाऱ्या पाटांचा दृष्टांत दिला आहे. पाट हा निर्जीव नळ नव्हे; त्याची माती, त्याचा काठ, त्याचा उतार यांवर पाण्याचे वाहणे अवलंबून असते. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानेही रक्तवाहिनीविषयी नेमके हेच सांगितले आहे. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर असतो. हा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात सतत निर्माण करतो. त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल राहतात, प्लेटलेट्स भिंतीला चिकटत नाहीत आणि रक्त गोठत नाही. हा वायू शरीरात संदेशवाहकाचे काम करतो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धुराचा पहिला आघात या थरावर होतो. विडी-सिगारेटच्या धुरात सुमारे सात हजार रासायनिक द्रव्ये आढळली आहेत. त्यांतील तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये नायट्रिक ऑक्साइडचा नाश करतात. वाहिनी प्रसरण पावण्याची क्षमता गमावते. तिच्या भिंतीला दाह होतो. रक्तातील मेद दूषित होऊन भिंतीत साठू लागतो. प्लेटलेट्स चिकट होतात आणि रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनचे प्रमाण वाढते. त्यातच निकोटिन हृदयाचा वेग व रक्तदाब वाढवते आणि त्वचेच्या सूक्ष्म वाहिन्या आकुंचित करते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने रक्ततत्त्वाशी बांधला जातो. म्हणजे एकाच वेळी वाट अरुंद होते, वाहणारे रक्त घट्ट होते आणि त्या रक्तातील प्राणवायूही घटतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात कफाच्या नानात्मज विकारांमध्ये धमनीप्रतिचय हा विकार गणला आहे. आधुनिक काळातील धमनीकाठिण्याशी त्याची तुलना अनेक विद्वानांनी केली आहे. धूम्रपानाचा रूक्ष-तीक्ष्ण-उष्ण गुण आणि परिणामी होणारा हा उपलेप यांचा मेळ कसा घालावा, हा चर्चेचा विषय आहे. वात-पित्ताने भिंत प्रथम दुष्ट होते व त्या खवैगुण्याच्या ठिकाणी कफ-मेद साचतो, अशी संप्राप्ती आम्हांस अधिक पटते. अंतःस्तराची हानी आधी आणि मेदाचा संचय नंतर, हा आधुनिक क्रमही त्याच्याशी जुळतो.

विडी लहान, दोष लहान नव्हे

विडीत तंबाखू थोडी, वर टेंभुर्णीचे पान, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज कामगारवर्गात दृढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही. विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात सिगारेटइतकेच किंवा त्याहून अधिक जातात.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे तंबाखूविषयक निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखूचे कोणतेही सेवन न करणाऱ्याच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यास हृदयाघाताचा धोका सुमारे तिप्पट आढळला. केवळ विडी ओढणाऱ्यांत तो २.८९ पट, केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट, आणि ओढणे व चघळणे दोन्ही करणाऱ्यांत ४ पटींहून अधिक होता. मशेरी लावणाऱ्या आपल्या भगिनींनी आणि मागावर उभ्या-उभ्या चुना-तंबाखू मळणाऱ्यांनीही हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

प्रमाण घटवले म्हणजे धोका त्याच प्रमाणात घटतो, हाही एक गैरसमज होय. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला २० सिगारेटी ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी ४० ते ५० टक्के धोका दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात दिसून आले. फुप्फुसाच्या कर्करोगाचा हिशोब साधारणपणे मात्रेनुसार चालतो. रक्तवाहिनीचा हिशोब तसा नाही. ती अल्प धुरानेही बिघडते.

बर्जर व्याधी

तंबाखूने होणाऱ्या वाहिनीविकारांत आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विकार म्हणजे बर्जर व्याधी. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या ११ अवयवांचे परीक्षण करून त्याचे सविस्तर वर्णन केले. हा मेदसंचयाचा विकार नव्हे. यात हातापायांच्या लहान व मध्यम धमन्या आणि त्यांच्या सोबतच्या सिरा यांना दाह होऊन आत रक्त गोठते आणि मार्ग बंद होतो. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतला पुरुष असतो आणि तो जवळजवळ नेहमीच तंबाखूचा सेवनकर्ता असतो. भारतात हा रुग्ण प्रामुख्याने विडी ओढणारा श्रमिक आहे. पाश्चात्त्य देशांत हा विकार आता विरळ झाला असला, तरी आपल्याकडे तो आजही भेटतो.

आरंभी तळपायाच्या कमानीत किंवा पोटरीत चालताना कळ येते. थोडे थांबले की ती जाते. पुन्हा तेवढेच अंतर चालले की परत येते. कधी पायावर वरवरची सीर लाल, कठीण व दुखरी होते. ती बरी होऊन दुसऱ्या ठिकाणी तोच प्रकार उद्भवतो. पुढे बोटे गार पडतात, त्यांचा रंग बदलतो, लहानशी जखम भरत नाही. नंतर विश्रांतीतही वेदना होऊ लागते. रुग्ण रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसतो. शेवटी बोटाचा कोथ होतो.

या व्याधीची सर्वांत आशादायक बाब हीच की तिचे निदान करण्याजोगे कारण एकच आहे आणि ते टाळता येते. कोथ होण्यापूर्वी ज्यांनी तंबाखू संपूर्णपणे सोडली, त्यांतील बहुसंख्यांचा अवयव वाचतो. दिवसातून एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी व्याधी पुढे सरकत राहते. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा केवळ आरंभ नसून येथे तीच मुख्य चिकित्सा आहे.

व्हेप : वाफ नव्हे

विजेवर चालणारी सिगारेट आजच्या स्वरूपात चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये तयार केली. तिच्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये व बहुधा निकोटिन यांचे द्रावण तापलेल्या तारेवर बाष्परूप होते. ज्वलन नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड फार अल्प, हे खरे. परंतु बाहेर पडते ती पाण्याची वाफ नसते. त्या सूक्ष्म तुषारात निकोटिनबरोबर फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये आणि तारेतून सुटलेले निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण आढळतात.

रक्तवाहिनीवरील परिणामांबाबत दोन अभ्यास एकत्र वाचावे लागतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१९ मध्ये ३१ निरोगी, कधीही धूम्रपान न केलेल्या तरुणांना निकोटिनविरहित व्हेपचे १६ झुरके एकदाच देण्यात आले. मांडीतील धमनीची प्रसरणक्षमता तात्पुरती सुमारे ३४ टक्क्यांनी घटली. म्हणजे निकोटिन नसले तरी अंतःस्तराला धक्का बसतो. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील डंडी येथे ११४ जुन्या धूम्रपानकर्त्यांवर झालेल्या अभ्यासात, सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेल्यांच्या धमन्यांचे कार्य एका महिन्यात सुधारलेले दिसले.

या दोहोंतून निष्कर्ष स्पष्ट आहे. सिगारेटच्या तुलनेत व्हेपचा आघात कमी असू शकेल. स्वच्छ हवेच्या तुलनेत तो आघातच आहे. ज्या तरुणाने कधी विडी ओढली नाही, त्याला सिगारेटशी केलेल्या तुलनेचा काहीच लाभ नाही. जो दोन्ही वापरतो, त्याच्या धमनीला धुरापासून सुटका मिळत नाही. आणि बर्जर व्याधीच्या रुग्णाने निकोटिनयुक्त व्हेप तर नाहीच, निकोटिनची चघळगोळी वा पट्टीही शक्यतो टाळावी, कारण निकोटिननेही व्याधी जागती राहण्याची शंका आहे.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने बंदी आली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यामुळे धूम्रपान सोडण्याचा उपाय म्हणून व्हेप सुचवणे कोणत्याही चिकित्सकास शक्य नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवरही बंदी घातली. हुक्क्याच्या पाण्यात धूर थंड होतो, पण कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात गाळला जात नाही, हेही रुग्णांस सांगावे.

शास्त्रोक्त धूमपानाचा आधार?

आपल्या शास्त्रात धूमपान सांगितलेच आहे, असा युक्तिवाद रुग्णच नव्हे तर काही व्यावसायिकही करतात. तंबाखूविरहित वनौषधींच्या सिगारेटी त्याच बळावर विकल्या जातात. या युक्तिवादाचे उत्तर आपणच दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती असून पोर्तुगीजांच्या मार्गे ती भारतात आली. संहिताकारांच्या धूमवर्तीत ती असणे शक्यच नव्हते. दुसरी गोष्ट, चरकाचार्यांनी धूमपानास आठ काळ नेमून दिले असले, तरी प्रायोगिक धूम दिवसातून दोन वेळा, स्नैहिक एकदा, वैरेचनिक तीन-चार वेळा, अशी मर्यादाही घातली. धूमनेत्राची लांबी २४ ते ३६ अंगुळे सांगितली, ती धुराची तीव्रता इंद्रियांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कमी व्हावी म्हणून. ओठांत धरलेल्या चार बोटे विडीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तिसरी गोष्ट, रक्तपित्त, प्रमेह, मदात्यय, भ्रम, गर्भावस्था अशा अवस्थांत धूमपान निषिद्ध आहे. आणि अकाली वा अतिमात्र धूमाचे उपद्रव म्हणून बाधिर्य, अंधत्व, मूकत्व यांच्यासोबत रक्तपित्त व शिरोभ्रम सांगितले आहेत. वाग्भटाचार्यांनी तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूमच वर्ज्य केला. २००३ च्या तंबाखूनियंत्रण कायद्यानेही विक्रीसाठी अठरा हीच वयोमर्यादा ठरवली, हा योगायोग विद्यार्थ्यांपुढे बोलताना उपयोगी पडतो.

वनौषधी जाळली तरी ज्वलनाचे नियम बदलत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण तिच्या धुरातही असतात. ज्याच्या धमन्या आधीच दुष्ट आहेत, त्याला आयुर्वेदाच्या नावाने असा धूर देणे शास्त्रसंमत नाही आणि आपल्या संघटनेच्या सभासदांनी त्यास आपले नाव देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिकित्सालयात काय पाहावे

शार्ङ्गधराने अंगुष्ठमूळाशी असलेल्या धमनीस जीवाची साक्षी म्हटले. ती आपण नित्य पाहतो. परंतु पाय दुखणाऱ्या रुग्णाच्या पायाची नाडी किती जण पाहतात? यास साधन लागत नाही, खर्च नाही, दोन मिनिटे पुरतात.

पायाच्या अंगठ्याची शीर वर उचलल्यावर जी ताठ दिसते, तिच्या लगत बाहेरच्या बाजूस, पायाच्या पाठीवर मधोमध तीन बोटे हलकेच ठेवावीत. तेथील स्पंदन काही निरोगी माणसांतही जाणवत नाही. म्हणून घोट्याच्या आतील हाडामागील धमनीही पाहावी. दोन्ही पायांची तुलना करावी. दोन्ही ठिकाणी स्पंदन नसेल, किंवा एका पायात स्पष्ट व दुसऱ्यात क्षीण असेल, तर तो पाय वाताचा म्हणून सोडू नये. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परत यावा. रुग्णास उताणे निजवून पाय ४५ अंशांत मिनिटभर उचलावा; तळवा पांढरा पडून खाली सोडल्यावर गडद लाल झाला, तर रक्तपुरवठा कमी आहे असे समजावे.

प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची. गृध्रसीची वेदना वाकण्याने, खोकण्याने, बसून उठण्याने वाढते. धमनीरोधाची वेदना ठरावीक अंतर चालल्यावर येते व उभे राहताच दोन-चार मिनिटांत शमते. मधुमेही रुग्णात पायाची आग व बधिरता असून स्पंदन उत्तम असू शकते. परंतु मधुमेह आणि विडी दोन्ही असतील तर धोका गुणाकाराने वाढतो. विडी ओढता का, असे विचारल्यास नाही असे उत्तर मिळते. दिवसाला किती, व्हेप किंवा हुक्का कधी, तंबाखू कोणती, असे सरळ विचारावे. केसपेपरवर नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या ओळीत तंबाखूची एक ओळ कायमची असावी.

संशय आल्यास कलर डॉप्लर तपासणी करवून रुग्णास रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पाय अकस्मात पांढरा, गार, बधिर व स्पंदनहीन झाला तर ती आणीबाणी होय. साधारण सहा तासांच्या आत उपचार न झाल्यास पाय जाण्याचा संभव असतो. अशा वेळी एक मात्रा औषध देऊन उद्या बोलावणे, हा अपराध ठरेल.

काय करू नये

रक्तपुरवठा घटलेल्या पायाला उष्णता सोसत नाही आणि संवेदना मंदावल्यामुळे भाजलेले कळतही नाही. म्हणून नाडीस्वेद, वाळूचा शेक, गरम पाण्याची पिशवी, अग्निकर्म, घट्ट बंध, जोराचे मर्दन, जलौका व प्रच्छान हे सर्व अशा पायावर वर्ज्य समजावे. नखे खोल कापू नयेत. कुरुपावर क्षार लावू नये. कामगाराने मागावर अनवाणी उभे राहू नये. रुग्ण आधीपासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्या आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत.

सोडवावे कसे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय पादांश क्रमाने सोडण्याचा उपदेश केला आहे. निरोगी विडीकरूस तो उपयोगी आहे; मात्र शेवटच्या विडीची तारीख प्रथमच ठरवून घ्यावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे एका विडीवर थांबणे म्हणजे धमनीला सुटका नव्हे. ज्याच्या पायाची नाडी क्षीण झाली आहे, त्याला पादांशाची मुभा नाही. त्याने त्याच दिवशी सोडावी.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, निद्रानाश, भूकवाढ व मलावष्टंभ होतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. अनेक कामगारांना विडीशिवाय शौचास होत नाही, आणि एवढ्या एका कारणाने ते पुन्हा ओढू लागतात. येथे रात्री त्रिफळा, पुरेसे पाणी व वेळेवर जेवण हे साधे उपाय निर्णायक ठरतात. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळापुरते बडीशेप, ओवा वा लवंग तोंडात ठेवणे, दीर्घ श्वसन आणि धूर ओढणाऱ्या सोबत्यांपासून दूर जाणे पुरेसे होते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११२-३५६ हा असून तो निःशुल्क आहे. तो चिकित्सालयाच्या भिंतीवर लावावा.

लाभ लवकर दिसू लागतो, हे रुग्णास आवर्जून सांगावे. विडी सोडल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. वर्षभरात हृद्रोगाचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. अंतःस्तर स्वतःस दुरुस्त करू शकतो, मात्र त्याला धुरापासून सवड मिळाली पाहिजे. बंद झालेली वाहिनी केवळ एखाद्या काढ्याने उघडेल असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु जी उघडी आहे ती उघडी राखणे आपल्या हाती निश्चित आहे.

भिवंडीतील श्रमिकाचा पाय हेच त्याचे भांडवल. तो दुखतो म्हणून आपल्या दारी येणारा रुग्ण पुष्कळदा अन्य कोणत्याही चिकित्सकाकडे गेलेला नसतो. तेव्हा पुढच्या वेळी असा रुग्ण आला, की तेलाची बाटली हाती घेण्यापूर्वी त्याची चप्पल काढायला सांगावी, पायावर बोटे ठेवावीत आणि विडी दिवसाला किती, हे विचारावे.